मॅग्नेशियमच्या गोळ्या आणि मूत्रपिंडाचा हिशेब

गणेशोत्सव आटोपल्यापासून या सदराकडे मॅग्नेशियमच्या गोळ्यांविषयी बरीच पत्रे आली आहेत. त्याचे कारण शोधायला फार लांब जावे लागत नाही. मुंबईहून किंवा आखातातून गणपतीला घरी येणारा चाकरमानी पूर्वी आईवडिलांसाठी खजूर आणि बामची बाटली आणत असे. आता त्याच पिशवीतून पोषणपूरक गोळ्यांचा डबा निघतो आणि आणणाऱ्याच्या हौसेखातर तो कोणालाही न विचारता सुरूही होतो. जवळजवळ प्रत्येक पत्रात ‘कोणते मॅग्नेशियम चांगले’ अशी विचारणा आहे. गोळी घेणाऱ्याचे क्रिएटिनिन (मूत्रपिंडांचे काम कसे चालले आहे, ते दाखवणारा रक्ततपासणीतील आकडा) किती आहे, हे मात्र फार थोड्यांनी कळवले आहे. माझ्या मते पहिल्या प्रश्नापेक्षा ही दुसरी माहिती कितीतरी अधिक महत्त्वाची आहे, आणि पुढील उत्तरांत मी ती वारंवार मागणार आहे. एकसारखी पत्रे एकत्र केली असून पत्रलेखकांची नावे छापलेली नाहीत.

प्रश्न (वेंगुर्ला): माझ्या आईचे वय ६८ आहे. रात्री तिच्या पोटऱ्यांत वांब येतात, म्हणून धाकट्या भावाने दुबईहून मॅग्नेशियम बिसग्लायसिनेटचा डबा आणला. डब्यावर १००० मिलिग्रॅम असे लिहिले आहे. ती रोज रात्री दोन गोळ्या घेते, पण आठवडा होतो न होतो तोच तिला जुलाब सुरू झाले. पोटाला सवय होईपर्यंत गोळ्या चालू ठेवाव्यात का? तिला रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन आणि हायड्रोक्लोरोथायझाइड यांची एकत्र गोळी, मधुमेहासाठी मेटफॉर्मिन आणि पित्तासाठी सकाळी उपाशीपोटी पँटोप्राझोल अशी औषधे बऱ्याच वर्षांपासून चालू आहेत.

उत्तर: गोळ्या तूर्त थांबवाव्यात. पोटाला सवय होईल या आशेवर जुलाब सोसत राहणे या वयात योग्य नाही, आणि हायड्रोक्लोरोथायझाइडसारखे लघवी वाढवणारे औषध चालू असताना तर मुळीच नाही. कारण जुलाबांवाटे पाणी आणि क्षार निघून जातात, रक्तदाब उतरतो, उठताना चक्कर येते आणि त्याचा भार शेवटी मूत्रपिंडांवर पडतो.

आतड्यात शोषले न गेलेले मॅग्नेशियम पाणी ओढून घेते आणि मळ पातळ करते. जुलाब हा या गोळ्यांचा सर्वांत नेहमीचा दुष्परिणाम असून पोटात मुरडा येणे आणि मळमळणे हे त्याखालोखाल आढळतात. मात्रा कमी केली, ती दोन वेळांत विभागली आणि जेवणासोबत घेतली, तर बहुतेकांचा त्रास कमी होतो. तुमच्या आईंच्या बाबतीत मात्र दुसराही एक संशयित घरातच आहे, तो म्हणजे मेटफॉर्मिन. त्यानेही पोट बिघडते. म्हणून चार-पाच दिवस केवळ मॅग्नेशियम बंद ठेवून पाहावे. जुलाब थांबले तर कारण सापडले असे समजावे, न थांबल्यास डॉक्टरांना दाखवावे. मेटफॉर्मिन मात्र आपल्या मनाने बंद करू नये.

आता डब्यावरील १००० या आकड्याविषयी. हे वजन संपूर्ण संयुगाचे असते, त्यातल्या मॅग्नेशियमचे नव्हे. शुद्ध बिसग्लायसिनेटमध्ये प्रत्यक्ष मॅग्नेशियम सुमारे १४ टक्के असते, म्हणजे तुमच्या आईंच्या एका गोळीत साधारण १४० आणि दोन गोळ्यांत २८० मिलिग्रॅम. मॅग्नेशियमच्या इतर प्रकारांपैकी सायट्रेटमध्ये हे प्रमाण सुमारे १६ टक्के, तर ऑक्साइडमध्ये तब्बल ६० टक्के असते. म्हणजेच ५०० मिलिग्रॅम ऑक्साइडच्या लहानशा गोळीत तुमच्या आईंच्या मोठ्या गोळीच्या दुपटीहून अधिक मॅग्नेशियम असते, परंतु ते फार कमी शोषले जाते आणि उरलेले जुलाब करवते. डबा फिरवून मागच्या बाजूचा तक्ता भिंगाखाली धरावा आणि ‘एलिमेंटल मॅग्नेशियम’ या शब्दांसमोरचा आकडा वाचावा, तोच खरा. काही उत्पादनांत बिसग्लायसिनेटमध्ये स्वस्त ऑक्साइड मिसळलेले असते आणि त्याला ‘बफर्ड’ असे नाव दिलेले असते. तुमच्या डब्यावर तो शब्द असेल, तर तुम्ही धरलेल्या हिशेबापेक्षा अधिक मॅग्नेशियम पोटात जात असणार आणि जुलाबांचे कोडे तिथेच सुटेल.

मर्यादा किती, हेही पाहू. अमेरिकेतील इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने १९९७ साली प्रौढांसाठी गोळ्या आणि औषधे यांतून मिळणाऱ्या मॅग्नेशियमची वरची मर्यादा दिवसाला ३५० मिलिग्रॅम ठरवली, तर युरोपात हीच मर्यादा २५० मिलिग्रॅम धरली जाते. याउलट आपल्या भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने २०२० साली दिलेल्या शिफारशीत प्रौढ पुरुषासाठी दिवसाला ४४० आणि स्त्रीसाठी ३७० मिलिग्रॅमची गरज सांगितली आहे. मर्यादा गरजेपेक्षा कमी कशी, असा प्रश्न चाणाक्ष वाचकाला पडेल. गरजेचा आकडा आहारासह सर्व मार्गांनी मिळणाऱ्या मॅग्नेशियमचा आहे आणि मर्यादेचा आकडा केवळ बाहेरून घेतलेल्या गोळ्यांचा आहे, कारण जेवणातील मॅग्नेशियमने निरोगी माणसाला अपाय होत नाही.

मूळ तक्रार राहिली ती पोटऱ्यांतल्या वांबांची. वृद्धांच्या रात्रीच्या पेटक्यांवर मॅग्नेशियम हे हमखास औषध आहे, असा समज सर्वत्र पसरला असला तरी कॉक्रेन या संस्थेने २०२० साली सर्व उपलब्ध चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा वृद्धांना त्याचा लक्षात येण्याजोगा उपयोग होण्याची शक्यता कमीच असल्याचे आढळले. तरीही तुमच्या आईंची औषधांची यादी वाचून मी हा विषय मिटला असे म्हणणार नाही. हायड्रोक्लोरोथायझाइडमुळे लघवीवाटे मॅग्नेशियम जाते, आटोक्यात नसलेल्या मधुमेहातही जाते, आणि पँटोप्राझोलच्या गटातील औषधे वर्षाहून अधिक काळ घेतल्यास रक्तातील मॅग्नेशियम उतरू शकते, असा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०११ साली दिला होता. त्यांनी तपासलेल्या रुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश रुग्णांत तर मॅग्नेशियमच्या गोळ्या देऊनही पातळी सुधारली नाही. आम्लता कमी करणारे औषधच बंद करावे लागले.

तेव्हा आईंच्या रक्तातील मॅग्नेशियम, पोटॅशियम, कॅल्शियम आणि क्रिएटिनिन तपासून घ्यावे. मेटफॉर्मिन दीर्घकाळ चालू असल्याने जीवनसत्त्व ब-१२ सुद्धा पाहावे. मॅग्नेशियमची पातळी साधारण १.७ ते २.२ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर असावी. शरीरात एकूण सुमारे २५ ग्रॅम मॅग्नेशियम असते आणि त्याचा एक टक्काही रक्तात नसतो, त्यामुळे अहवाल ठीक आला म्हणून उणीव नाहीच, अशी खात्री देता येत नाही. अहवाल कमी आला तर मात्र तो गांभीर्याने घ्यावा. त्याच भेटीत डॉक्टरांना हेही विचारावे, की पँटोप्राझोलची अजून गरज आहे का. कधीकाळच्या पित्तासाठी सुरू झालेली ही गोळी पुढे कोणी थांबवतच नाही, असे फार वेळा दिसते. तोवर वांब आल्यास गुडघा सरळ ठेवून पायाचा चवडा आपल्याकडे ओढून धरावा आणि झोपण्यापूर्वी पोटऱ्यांना ताण देण्याचा व्यायाम करावा.

प्रश्न (चिपळूण): झोप लागावी म्हणून मॅग्नेशियम थ्रिओनेट घ्यावे असे सुचवले जाते. ते इतर प्रकारांपेक्षा बरेच महाग आहे. फरक पडतो का? मी ४१ वर्षांचा असून मला कोणताही आजार नाही.

उत्तर: थ्रिओनेटविषयी जे मोठे दावे केले जातात त्यांचा पाया मुख्यतः उंदरांवरील प्रयोगांचा आणि माणसांवरील लहान चाचण्यांचा आहे, आणि झोपेसाठी एकूणच मॅग्नेशियमचा पुरावा तोकडा आहे. प्रकृती निरोगी असताना मर्यादेत राहून महिनाभर घेऊन पाहण्यास हरकत नाही. परंतु महागड्या प्रकारासाठी पैसे खर्च करावेत, असे मी सुचवणार नाही. महिनाभरात फरक न जाणवल्यास डबा संपवण्याचा आग्रह धरू नये. खरेदी करताना भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाचा १४ अंकी परवाना क्रमांक डब्यावर आहे का, ते पाहावे. ‘औषधी वापरासाठी नाही’ ही सूचना डब्यावर छापणे कायद्याने बंधनकारक आहे. दुकानदार तोच डबा रक्तदाबावरचे किंवा मधुमेहावरचे औषध म्हणून देऊ लागला, तर त्याला ती ओळ दाखवावी.

प्रश्न (श्रीवर्धन): वडिलांचे वय ७४ आहे. त्यांचे क्रिएटिनिन २.४ आहे. बद्धकोष्ठाचा जुना त्रास असल्याने ते रोज रात्री मिल्क ऑफ मॅग्नेशिया दोन मोठे चमचे घेतात. अलीकडे ते दिवसाही पेंगत असतात आणि हातपाय गळून गेल्यासारखे वाटतात म्हणतात. वयामुळे असेल का?

उत्तर: हे पत्र हाती आल्याबरोबर संपादकांनी तुमच्याशी संपर्क साधला, तरीही इतर घरांसाठी उत्तर छापत आहे. हे औषध आजच बंद करावे आणि वडिलांना त्याच दिवशी डॉक्टरांकडे नेऊन रक्तातील मॅग्नेशियम, पोटॅशियम आणि क्रिएटिनिन तपासावे, तसेच हृदयाचा आलेखही काढून घ्यावा. पेंग आणि अशक्तपणा वयामुळेही येतो, हे खरे. पण वाढलेले क्रिएटिनिन, रोजचे मॅग्नेशियमचे औषध आणि ही लक्षणे या तीन गोष्टी एकत्र आल्या असता वयाला दोष देऊन थांबणे धोक्याचे आहे.

शरीराला नको असलेले मॅग्नेशियम बाहेर टाकण्याचे काम जवळजवळ संपूर्णपणे मूत्रपिंडे करतात. ती निकामी होऊ लागली, की तोंडावाटे घेतलेले मॅग्नेशियम रक्तात साठू लागते. मिल्क ऑफ मॅग्नेशियाच्या दोन मोठ्या चमच्यांत, म्हणजे ३० मिलिलिटरमध्ये, साधारण १००० मिलिग्रॅम मॅग्नेशियम असते. त्यातील सगळे शोषले जात नाही, परंतु रोज रात्री थोडेथोडे शोषले गेले आणि सकाळी बाहेर पडले नाही, तर शिल्लक वाढतच जाते. प्रथम मळमळ, चेहऱ्यावर लाली आणि गळाठा जाणवतो. पुढे रक्तदाब उतरतो, नाडी मंदावते, गुंगी येते, स्नायू इतके सैल पडतात की गुडघ्यावर हातोडी मारली तरी पाय उडत नाही. आणि त्याही पलीकडे श्वास आणि हृदय थांबण्याची वेळ येते. जपानमध्ये बद्धकोष्ठासाठी मॅग्नेशियम ऑक्साइड सर्रास वापरले जाते. तेथे वृद्ध रुग्णांत गंभीर प्रकार आणि मृत्यूही घडल्यावर २००८ साली शासनाने डॉक्टरांना त्याबाबत सावध केले होते. मग रक्तातील मॅग्नेशियमवर लक्ष ठेवणे आणि आधीची लक्षणे रुग्णाला समजावून सांगणे यांवर भर आला.

येथे एक गोष्ट ठासून सांगावीशी वाटते. या दुष्परिणामाच्या बातम्या गोळ्यांपेक्षा बाटल्यांमुळेच अधिक घडतात, कारण पित्ताचे गुलाबी किंवा पांढरे पातळ औषध आणि रेचकाची बाटली यांना कोणी ‘मॅग्नेशियम’ म्हणून मोजतच नाही. पित्ताच्या पातळ औषधात मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड असते, आणि त्याच्या २५० मिलिग्रॅममधून सुमारे १०० मिलिग्रॅम मॅग्नेशियम मिळते. घरात मूत्रपिंडाचा रुग्ण असेल तर कपाटातील प्रत्येक बाटलीवरचा मजकूर वाचून काढावा. मूत्रपिंडांची गाळण्याची क्षमता, जी अहवालात ‘ईजीएफआर’ या नावाने लिहिलेली असते, ३० च्या खाली असेल, तर अशी औषधे डॉक्टरांनी स्वतः सांगितल्याशिवाय घेऊच नयेत. ३० ते ६० या टप्प्यातही विचारूनच घ्यावीत. बद्धकोष्ठासाठी लॅक्ट्युलोज किंवा पॉलिएथिलीन ग्लायकॉल यांसारखे पर्याय आहेत. इसबगोलाला मात्र भरपूर पाणी लागते, आणि ज्यांचे पाणी डॉक्टरांनी मोजून दिलेले आहे, त्यांनी तोही आपल्या मनाने सुरू करू नये.

मायस्थेनिया ग्रेव्हिस हा स्नायूंचा आजार असणाऱ्यांनी मॅग्नेशियमच्या वाटेला जाऊ नये, हेही याच ओघात नोंदवतो.

प्रश्न (गुहागर): आमच्या नारळाच्या वाडीत झावळ्या पिवळ्या पडतात म्हणून मॅग्नेशियम सल्फेटचे पोते आणून ठेवले आहे. तेच एप्सम सॉल्ट असल्याचे समजले. पोट साफ होण्यासाठी त्यातले चमचाभर पाण्यातून घेतले तर चालेल का? आमचे एक काका तसे घेतात आणि ‘मला काही झाले नाही’ असे सांगतात.

उत्तर: चालणार नाही, आणि काकांनाही थांबवावे. मुसळधार पावसाने आपल्या जांभ्या जमिनीतील मॅग्नेशियम वाहून जाते आणि नारळाच्या जुन्या झावळ्या टोकांकडून पिवळ्या पडू लागतात, म्हणून हे खत माडाला देतात, ते योग्यच आहे. मात्रा किती, ते भाट्ये येथील नारळ संशोधन केंद्राला विचारावे. परंतु पोत्यातील वस्तू खताच्या प्रतीची आहे. शिसे, आर्सेनिक अशा धातूंबाबत औषधाला लावलेल्या कडक मर्यादा खताला लागू नसतात, आणि पडवीत उघड्या ठेवलेल्या पोत्यात कीटकनाशकाचे हात किती वेळा बुडाले असतील, याचा हिशेब कोणी ठेवलेला नसतो.

प्रत शुद्ध असली तरी दुसरी अडचण मात्रेची आहे. एप्सम सॉल्टमध्ये मॅग्नेशियम सुमारे १० टक्के असते, म्हणजे चहाच्या एका चमच्यात साधारण ५०० मिलिग्रॅम, आणि तेही गोळीसारखे मोजलेले नसून हाताला येईल तेवढे. चव कडूजहर असल्याने लोक ते एका घोटात संपवतात. एप्सम सॉल्ट अधिक घेतल्याने मृत्यू ओढवल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. काकांची मूत्रपिंडे आजवर भार वाहत आली, एवढाच त्यांच्या अनुभवाचा अर्थ आहे. त्यांचे क्रिएटिनिन एकदा पाहून घ्यावे.

गरम पाण्यात एप्सम सॉल्ट घालून पाय बुडवून बसण्यास हरकत नाही. आराम मिळतो तो बहुधा पाण्याच्या उबेने. कातडीतून पुरेसे मॅग्नेशियम आत जाते, हे सिद्ध झालेले नाही. मधुमेहामुळे ज्यांच्या तळपायांची संवेदना कमी झाली आहे, त्यांनी पाणी दुसऱ्याच्या हाताने तपासून घ्यावे, कारण पाय भाजला तरी त्यांना कळत नाही.

प्रश्न (लांजा): भातलावणीच्या दिवसांत लेप्टोपासून (लेप्टोस्पायरोसिस या तापापासून) बचाव म्हणून आशाताई आठवड्यातून एकदा डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या देतात. मी पित्ताचे औषध आणि मॅग्नेशियमची गोळीही घेते. एकत्र घेतल्या तर काही बिघडते का?

उत्तर: अंगावर काही उठत नाही, पण डॉक्सिसायक्लिन फुकट जाण्याचा संभव असतो. मॅग्नेशियम या औषधाला आतड्यातच धरून ठेवते आणि दोघांचा मिळून जो न विरघळणारा गोळा बनतो, तो रक्तात उतरत नाही. पित्ताच्या औषधातील ॲल्युमिनियम, तसेच लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या यांचेही तसेच आहे. चिखलात दिवसभर उभे राहून भात लावणाऱ्या माणसासाठी हे नुकसान लहान नाही. प्रतिबंधासाठीची नेहमीची मात्रा आठवड्यातून एकदा २०० मिलिग्रॅम एवढीच असते, आणि तीच वाया गेली तर पुढच्या आठवड्यापर्यंत संरक्षण राहत नाही.

सोपा मार्ग असा, की ज्या दिवशी आशाताईंची गोळी घ्यायची, त्या दिवशी मॅग्नेशियम घेऊच नये आणि पित्ताचे पातळ औषधही शक्यतो टाळावे. तेवढे जमत नसेल तर डॉक्सिसायक्लिन सकाळी न्याहारीनंतर घ्यावे आणि मॅग्नेशियम रात्रीच्या जेवणानंतर. डॉक्सिसायक्लिन घेताना मोठा पेलाभर पाणी प्यावे आणि नंतर अर्धा-पाऊण तास आडवे होऊ नये; गोळी अन्ननलिकेत अडकली तर तेथे जखम होते. गरोदर स्त्रिया आणि लहान मुले यांच्यासाठी ही गोळी नाही, त्यांच्याबाबत आरोग्य केंद्रात विचारावे.

हाच नियम इतर औषधांनाही लागू आहे. थायरॉइडची गोळी आणि मॅग्नेशियम यांत चार तासांचे अंतर ठेवावे. सिप्रोफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक मॅग्नेशियमच्या किमान दोन तास आधी किंवा सहा तास नंतर घ्यावे. हाडांच्या ठिसूळपणासाठी आठवड्यातून एकदा घेतली जाणारी ॲलेंड्रोनेटची गोळी सकाळी नुसत्या पाण्याबरोबर घेतात. त्या सकाळी मॅग्नेशियमला हात लावू नये. हृदयासाठी डिगॉक्सिन चालू असणाऱ्यांनी तर दोन्ही बाजूंनी जपावे, कारण रक्तातील मॅग्नेशियम कमी झाले तर डिगॉक्सिनची विषबाधा लवकर होते, आणि मॅग्नेशियमयुक्त पित्तशामकामुळे डिगॉक्सिनचे शोषण घटते.

प्रश्न (कुडाळ): माझ्या भावजयीला सातव्या महिन्यात रक्तदाब वाढल्यामुळे रुग्णालयात मॅग्नेशियमचे इंजेक्शन दिले. तिला अंगातून आग निघाल्यासारखे वाटले आणि आम्ही घाबरून गेलो. गोळ्यांनीच एवढे दुष्परिणाम होतात असे वाचतो, मग इंजेक्शन कसे देतात? मी स्वतः चार महिन्यांची गरोदर आहे. झटके येऊ नयेत म्हणून मी आधीपासूनच गोळ्या सुरू कराव्यात का?

उत्तर: तुमच्या वहिनींना दिले ते औषध या अवस्थेतले जीव वाचवणारे औषध आहे. गरोदरपणात रक्तदाब वाढून झटके येण्याचा धोका त्याने निम्म्याहून कमी होतो, हे ३३ देशांतील दहा हजारांहून अधिक स्त्रियांवर झालेल्या आणि २००२ साली प्रसिद्ध झालेल्या ‘मॅगपाय’ चाचणीने दाखवून दिले. इंजेक्शन देताना अंग तापल्यासारखे वाटणे, चेहरा लाल होणे आणि थोडी मळमळ होणे अपेक्षितच असते.

ते सुरक्षित ठरते ते देखरेखीमुळे. पुढची मात्रा देण्यापूर्वी परिचारिका तीन गोष्टी पाहते: गुडघ्याखाली हातोडी मारल्यावर पाय उडतो का, श्वासाची गती पुरेशी आहे का, आणि पिशवीत जमलेली लघवी तासाला किमान ३० मिलिलिटर भरते का. तीनांपैकी एकही कमी पडले तर मात्रा थांबवतात. श्वास मंदावण्यापूर्वी हातोडीने पाय उडणे बंद होते, म्हणून त्या छोट्या हातोडीला एवढे महत्त्व आहे. उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेटचे इंजेक्शन खाटेशेजारी तयार ठेवलेले असते. लघवीचा हिशेब का, ते श्रीवर्धनच्या उत्तरावरून लक्षात आले असेल.

तोंडावाटे घेतलेल्या गोळ्यांनी रक्तातील पातळी तेवढी चढत नाही आणि त्यांनी झटके टळतात असे आढळलेले नाही, तेव्हा तुम्ही त्या सुरू करू नयेत. आरोग्य केंद्रातून मिळणाऱ्या लोह-फॉलिक ॲसिडच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या नियमित घ्याव्यात, त्या दोन्ही वेगवेगळ्या वेळी घ्याव्यात, आणि छातीत जळजळते म्हणून पित्ताचे औषध घेतलेच तर लोहाच्या गोळीपासून दोन तासांचे अंतर ठेवावे. रक्तदाब दर भेटीत मोजून घ्यावा. डोके फार दुखणे, डोळ्यांपुढे चमकणे, छातीखाली वरच्या पोटात दुखणे यांपैकी काहीही झाले तर पुढच्या तारखेची वाट पाहू नये.

प्रश्न (सावंतवाडी): शिरोड्याच्या मिठागरातील खडे मीठ वापरले तर गोळीची गरज राहणार नाही, असे शेजारी म्हणतात. खरे आहे का?

उत्तर: नाही. समुद्राच्या पाण्यात दर लिटरमागे सुमारे १.३ ग्रॅम मॅग्नेशियम असते, आणि न धुतलेल्या खडे मिठात मॅग्नेशियम क्लोराइडचा अंश राहतो. पावसाळ्यात बरणीतले मीठ पाणी सोडते ते प्रामुख्याने त्यामुळेच. परंतु दिवसभराच्या चमचाभर मिठातून मिळणारे मॅग्नेशियम किरकोळ आहे, त्यासाठी मीठ वाढवल्यास रक्तदाब तेवढा वाढेल, आणि असे मीठ आयोडीनयुक्तही नसते.

प्रश्न (दापोली): गोळ्यांऐवजी आपल्याकडच्या जेवणातून मॅग्नेशियम पुरेसे मिळते का? नेमके काय खावे?

उत्तर: मूत्रपिंडे निरोगी असणाऱ्या बहुतेकांना मिळू शकते, अट एवढीच की जुनी धान्ये ताटात परत यावीत. १०० ग्रॅम नाचणीच्या पिठात, म्हणजे साधारण दोन भाकऱ्यांत, सुमारे १४० मिलिग्रॅम मॅग्नेशियम असते. कुळीथ, चवळी आणि काळा वाटाणा यांतूनही ते भरपूर मिळते. मोड आणल्याने त्यातील शोषणाला आड येणारे फायटेट कमी होतात. पांढऱ्याशुभ्र, पॉलिश केलेल्या तांदळात मूळच्या मॅग्नेशियमपैकी जेमतेम चौथा हिस्सा उरतो, म्हणून सकाळी उकड्या तांदळाची पेज पिण्याची आपली रीत सोडण्यासारखी नाही. तिच्यात भातातून पाण्यात उतरलेला अंशही पोटात जातो. अळू, माठ आणि इतर हिरव्या पालेभाज्यांत मॅग्नेशियम हरितद्रव्याचाच भाग असते, तेव्हा भाजी उकडून पाणी ओतून देऊ नये. बांगड्यासारख्या मासळीतून थोडी भर पडते.

काजूचे नाव आपल्याकडे सर्वांत आधी निघते आणि ते बरोबरही आहे: १०० ग्रॅम काजूगरांत सुमारे २९० मिलिग्रॅम मॅग्नेशियम असते. पण तेवढ्याच काजूंतून साडेपाचशे कॅलरी मिळतात, त्यामुळे मधुमेही माणसाने मूठभराच्या वर जाऊ नये. शहाळ्याच्या पाण्यातून दर १०० मिलिलिटरमागे पंचवीसेक मिलिग्रॅम मिळते. मूत्रपिंडाच्या रुग्णाने मात्र शहाळे आणि काजू या दोन्हींचे प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवावे. तेथे अडचण मॅग्नेशियमपेक्षा पोटॅशियमची असते, आणि शहाळ्यात पोटॅशियम मॅग्नेशियमच्या जवळजवळ दहापट असते.